विचारा बिनधास्त: टीव्ही बिघडलेला नाही, आणि लॉरेन्स एवढा उंच नव्हता

मंडळी, नमस्कार. गेल्या महिन्यात आपण वाचकांसाठी इथे इंदूरला रामबागेत एका हॉलमध्ये पडदा बांधून 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' दाखवला. पावणेचार तासांचा पिक्चर, पडद्यावर ऊन असं की डोळे दिपतायत आणि इकडे सगळे शाली-मफलर लपेटून, हातात गराडूची प्लेट. जे येऊ शकले नाहीत त्यांनी नंतर घरी बघितला, आणि मग प्रश्नांचा जो पूर आला आहे तो अजून ओसरलेला नाही. सगळ्यांना जागा देता येणार नाही, रागावू नका.

ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. पहिलं महायुद्ध चालू आहे, अरबस्तान तुर्कांच्या म्हणजे ऑटोमन साम्राज्याच्या ताब्यात आहे. जून १९१६ मध्ये मक्केचे शरीफ हुसेन तुर्कांविरुद्ध बंड पुकारतात, ब्रिटिशांना तेच हवं असतं. कैरोच्या ऑफिसात नकाशे रंगवणारा एक विक्षिप्त तरुण अधिकारी, टी. ई. लॉरेन्स, हुसेन यांचे चिरंजीव फैसल यांच्याकडे पाठवला जातो आणि हा पठ्ठ्या तिकडचाच होऊन बसतो. दिग्दर्शक डेव्हिड लीन, साल १९६२, सात ऑस्कर. चला, प्रश्न.

सुदामानगरहून एक काकू विचारतात: पिक्चर लावला तर स्क्रीन काळीच, आवाज मात्र येतोय, बँड वाजतोय नुसता. ह्यांनी रिमोट दोनदा आपटला, मग मुलाला पुण्याला फोन, तो म्हणे वायर काढून लावा. चार मिनिटांनी आपोआप चालू झालं. टीव्हीत काय प्रॉब्लेम आहे?

काकू, टीव्ही ठणठणीत आहे, रिमोटचं काय झालं ते तेवढं बघा. ते मुद्दाम आहे. त्या काळी मोठ्या पिक्चरांना सुरुवातीला नुसतं संगीत असायचं, थिएटरात लोक खुर्च्या शोधतायत, दिवे हळूहळू मंदावतायत, पडदा अजून बंदच, आणि मॉरिस जारचा ऑर्केस्ट्रा सुरू. आपल्या संगीत नाटकाची नांदी समजा. नांदी चालू असताना पडदा का उघडत नाही म्हणून कुणी भांडलंय का कधी? आमच्या हॉलमध्ये पण तेच झालं. एक आजोबा उठून प्रोजेक्टरवाल्या पोराला झापायला निघाले, त्यांना हाताला धरून खाली बसवावं लागलं.

खरं तर तुम्हाला पूर्ण मिळाला हेच नशीब. हा पिक्चर रिलीजनंतर कापला, नंतर अजून कापला, आणि मग १९८९ मध्ये तुकडे शोधून शोधून परत जोडला. मी कॉलेजात असताना इंदूरच्याच एका टॉकीजमध्ये (नाव घेत नाही, टॉकीजही आता नाही) पाहिला होता, तिथे इंटरवलनंतरची रीळंच उलटसुलट लागली, लॉरेन्स आधी दमास्कसला पोचला आणि मग आगगाडी उडवायला निघाला. कुणी ओरडलंसुद्धा नाही, सगळ्यांना वाटलं इंग्लिश पिक्चर आहे, असंच असेल.

तिलकनगरहून एक सर (इतिहास शिकवायचे) विचारतात: यातलं नेमकं खरं किती आणि मसाला किती? मला नातवाला सांगायचंय.

सर, तुमचा प्रश्न सगळ्यात कठीण म्हणून त्याला जागा पण जास्त.

आधी फुटपट्टी घ्या. लॉरेन्स झालेला पीटर ओ'टूल सहा फूट दोन इंच, खरा लॉरेन्स पाच फूट पाच. पडद्यावर पांढऱ्या झग्यात तो गाडीच्या टपावरून चालतो तेव्हा जो रुबाब दिसतो त्यातला निम्मा त्या नऊ इंचांचा आहे. पण हे किरकोळ झालं. आता विहिरीचा सीन. लांबून काळा ठिपका येतो आणि शरीफ अली लॉरेन्सच्या वाटाड्याला गोळी घालतो, का तर आमच्या विहिरीचं पाणी प्यायला. असं काही झालेलं नाही, खरा वाटाड्या त्याला फैसलपर्यंत नीट घेऊन गेला. ऑक्टोबर १९१६ ची ती भेट मात्र खरी.

आता कासिम. इथे थोडं थांबू, कारण मला हा पिक्चर का आवडतो ते इथेच आहे. आणि हो, कासिम म्हणजे आपले आय. एस. जोहर! हॉलमध्ये ते दिसल्या दिसल्या मागच्या रांगेतून "अरे भिया, जोहर!" असा आवाज आलाच. एवढ्या मोठ्या पिक्चरमध्ये आपला माणूस, आणि कॉमेडी नाही, एकदम गंभीर रोल. तर पिक्चरमध्ये काय होतं, वाळवंट ओलांडताना कासिम रात्रीत उंटावरून पडतो, सकाळी रिकामा उंट दिसतो. बाकीचे म्हणतात त्याची वेळ भरली, नशिबात लिहिलंय ते चुकत नाही. लॉरेन्स एकटा मागे फिरतो आणि त्याला घेऊन येतो. सगळे नाचतात, लॉरेन्सला स्वतःचे कपडे देतात. आणि पुढे तुर्कांच्या ताब्यातल्या अकाबा बंदरावर हल्ल्याच्या आदल्या रात्री एका टोळीचा माणूस दुसऱ्या टोळीच्या माणसाला मारतो, बदल्याची खुनाखुनी सुरू होणार, मोहीम तिथेच फुटणार. तेव्हा लॉरेन्स म्हणतो की मी कुठल्याच टोळीचा नाही, शिक्षा मी देतो. गुन्हेगार मान वर करतो तर तो कासिम. ज्याला मरणाच्या तोंडून ओढून आणलं त्यालाच गोळी घालायची.

आता खरं काय झालं. कासिमला परत आणलं हे खरं, मे १९१७ मधली गोष्ट. गोळी घातली हेही खरं, पण तो माणूस दुसरा, हमेद नावाचा मोरोक्कोचा, आणि तो प्रसंग आधीचा, मार्च १९१७ चा, लॉरेन्स तापाने फणफणलेला असतानाचा. म्हणजे दोन वेगळी माणसं, दोन वेगळे महिने, क्रमही उलटा, आणि लिहिणाऱ्यांनी दोन्ही घेऊन एका माणसावर शिवले. सर, हे खोटं आहे, मान्य. पण मला हे चालतं. कारण कुणाचं नशीब मी लिहू शकतो असं वाटायला लागलेल्या माणसाला दाखवायचं होतं की बाबा, लिहिलेलं खोडता पण येतं आणि तुझ्याच हाताने परत लिहावं पण लागतं. दोन खऱ्या गोष्टी वेगळ्या वेगळ्या ठेवल्या असत्या तर हे कळलं नसतं. आपले कीर्तनकार नाही का दोन कथा एकात गुंफत, आख्यान रंगलं की तिथी कोण विचारतो.

अकाबाचं तसं नाही, तिथे माझी तक्रार आहे. घोडे-उंट धडाधड अकाबात घुसतात, तोफा समुद्राकडे तोंड करून बसलेल्या, कॅमेरा सरकत सरकत तोफेवर येऊन थांबतो. दिसायला कमालच आहे (आणि ते गाव अकाबा नाही, स्पेनच्या किनाऱ्यावर बांधलेला सेट आहे, कैरोचं ऑफिससुद्धा स्पेनमधलं सेव्हिल), पण खरी लढाई अकाबात झालीच नाही. ती झाली २ जुलै १९१७ ला अबू अल-लिसान इथे, डोंगराळ भागात, अकाबापासून पुष्कळ लांब. तिथे तुर्कांची तुकडी कापली गेली आणि मग ६ जुलैला अकाबाने जवळपास न लढताच हात वर केले. आणि त्या खऱ्या लढाईत लॉरेन्ससाहेबांनी काय केलं माहिती आहे? उंट भरधाव असताना पिस्तूल झाडलं आणि गोळी स्वतःच्याच उंटाच्या डोक्यात, उंट जागीच कोसळला, साहेब हवेत उडून जमिनीवर, लढाई संपेपर्यंत तिथेच पडून. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आता सांगा, हा सीन ठेवला असता तर? मला तर तो जास्त आवडला असता.

दमास्कसचंही थोडं झुकवलेलं आहे. पिक्चर बघून वाटतं अरबांनी ते आधीच घेतलं आणि इंग्रज मागून आले. १ ऑक्टोबर १९१८ ला पहाटे शहरातून आधी गेले ते ऑस्ट्रेलियन घोडदळाचे लोक. पण त्यानंतरचा विश्वासघात मात्र पुरेपूर खरा आहे. बंड सुरू व्हायच्या आधीच, मे १९१६ मध्ये, ब्रिटन आणि फ्रान्सने सायक्स-पिको करार करून सगळा प्रदेश कागदावर वाटून घेतला होता. फैसल १९२० मध्ये सीरियाचा राजा झाला, फ्रेंचांनी काही महिन्यांत हाकलला, मग इंग्रजांनी १९२१ मध्ये त्याला इराकची गादी दिली, जशी लग्नात रुसलेल्या मामाला शाल देतात तशी.

नातवाला एवढंच सांगा की तारखा पुस्तकातून घे.

महूहून एक निवृत्त सुभेदार साहेब लिहितात: लॉरेन्सने केलं ते म्हणजे आपला गनिमी कावाच ना? मग जग त्याचं नाव घेतं आणि आपलं का नाही?

साहेब, दुसरा प्रश्न आपण चहावर बोलू, पहिल्याचं उत्तर हो, पण पूर्ण हो नाही. पिक्चरमध्ये आगगाडी उडवण्याचा थाट दिसतो, त्यामागची अक्कल दिसत नाही. हिजाझ रेल्वे दमास्कसपासून मदिनेपर्यंत साधारण १३०० किलोमीटर, १९०८ मध्ये सुरू झालेली. मदिनेत तुर्कांची मोठी फौज. साधा सेनापती म्हणाला असता, रेल्वे कायमची तोडा आणि मदिना घ्या. लॉरेन्सचं म्हणणं पडलं की मदिना घ्यायचीच नाही! गाडी चालू राहू दे, पण जेमतेम. आज इथला रूळ, परवा तिथला पूल, तुर्क दुरुस्ती करत राहतील, पहारे वाढवत राहतील, हजारो शिपाई त्या लोखंडाच्या पट्टीला बांधलेले राहतील. आणि तसंच झालं, मदिनेचा फखरी पाशा युद्ध संपल्यावरसुद्धा लढतच होता, जानेवारी १९१९ मध्ये शरण आला.

औरंगजेब आठवला ना? किल्ला घे, पुढच्या किल्ल्याकडे जा, मागचा परत गेला, सत्तावीस वर्षं दक्षिणेत. आणि आपल्या इंदूरकरांना तर मल्हारराव आठवायला हवेत, पानिपतच्या आधी तेच सांगत होते की तोफा आणि बाजारबुणगे मागे ठेवा, हलके व्हा. ऐकलं नाही कुणी. फरक एवढाच की इकडे ज्यांची जमीन तेच लढत होते आणि तेच डाव ठरवत होते. तिकडे पिक्चर बघून वाटतं डाव एका गोऱ्या माणसाच्या डोक्यातून निघाला. वाळवंटात कुठे पाणी, कुठली टोळी कुणाची वैरी, कुठून निसटायचं, हे त्याला औदासारख्या अरब टोळीप्रमुखांनीच शिकवलं. सुरुंग लावायला शिकवणारे दुसरे ब्रिटिश अधिकारीही होते, गारलँड नावाचा एक तर त्याच्याआधी रूळ उडवत होता, त्याच्यावर पिक्चर नाही निघाला. मागून सोन्याच्या नाण्यांच्या थैल्या येत होत्या त्या वेगळ्याच.

नववीतली एक मुलगी विचारते: एवढ्या मोठ्या पिक्चरमध्ये एक पण बाई बोलत नाही, हे कसं काय?

बरोबर पकडलंस. एकाही बाईला एक वाक्य नाही. पण पडद्यामागे बघ, सगळा पिक्चर कापून जोडला तो एका बाईने, ॲन कोट्स, आणि एडिटिंगचं ऑस्कर पण घेतलं. लॉरेन्स पेटलेली काडी तोंडाजवळ धरतो, फुंकर मारतो, आणि फू केल्याबरोबर वाळवंटातली पहाट, लाल आभाळ, सूर्य अजून वर आलेला नाही. स्क्रिप्टमध्ये तिथे एक दृश्य विरघळून दुसरं येणार असं होतं. जोडायच्या आधी नुसते तुकडे लागोपाठ बघताना ते असंच थेट दिसलं आणि मग तसंच ठेवलं. परत बघ तो भाग, फुंकरीच्या आवाजाकडे लक्ष दे.

छप्पन दुकानजवळून एक तरुण: मोबाईलवर बघितला तर चालेल का, वेळ नाही, येता-जाता बघतो.

नको. अली येतो तेव्हा क्षितिजावर आधी काहीच नसतं, मग मृगजळात थरथरणारा एक कण, मग काळी रेघ, मग उंट. तेवढ्या एका शॉटसाठी खास लांब लेन्स आणली होती. मोबाईलवर तो कण म्हणजे तुला काचेवरची धूळ वाटेल आणि तू अंगठ्याने पुसशील.

पलासियाहून एक बाईकवाले: सुरुवातीला तो मोटारसायकलवर मरतो ते खरं का? आणि युद्धानंतर मधल्या काळात काय करत होता?

खरं. मे १९३५, इंग्लंडमध्ये डोर्सेटला घराजवळच, ब्रफ सुपीरियर गाडी, समोर सायकलवर दोन मुलं, त्यांना चुकवताना गेला. हेल्मेट नव्हतं. त्याला शेवटी बघणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते, त्यांनी पुढे मोटारसायकलवाल्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि ब्रिटिश फौजेत हेल्मेट सक्तीचं झालं त्यात त्यांच्या कामाचा मोठा हात. चालान फाटलं की आता कुणाला शिव्या द्यायच्या ते कळलं ना?

मधला काळ पिक्चरमध्ये नाहीच, आणि तो मला भारी वाटतो. कर्नल असलेला हा माणूस खोट्या नावाने हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. १९२७ मध्ये त्याची बदली कराचीला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच मुंबई इलाख्यात! तिथे कारकुनी केली, मग वायव्य सरहद्दीवर मीरानशाहला गेला, तिथे होमरच्या ओडिसीचा अनुवाद करत बसला. वर्तमानपत्रांनी उठवलं की लॉरेन्स अफगाणिस्तानात बंड पेटवतोय, म्हणून सरकारने घाबरून १९२९ च्या सुरुवातीला परत नेला.

वैशालीनगरहून एक आजी: आमच्या आजेसासऱ्यांचं एक मेडल आहे, ते "मसपोटीमियाला" गेले होते एवढंच घरात सगळे सांगत. पिक्चरमध्ये मी शेवटपर्यंत बघत होते, आपला एक तरी शिपाई दिसेल. नाही दिसला. आपले लोक तिथे नव्हते का?

आजी, होते. आणि पिक्चरवर माझा खरा राग आहे तो इथेच. दोन गोष्टी जोडून एक केली तर चालेल मला, पण माणसंच्या माणसं गाळली ते नाही चालत. पिक्चरमध्ये जनरल ॲलनबी आहे, त्याची फौज आहे, पण १९१८ च्या शेवटच्या चढाईत त्याच्या घोडदळाचा मोठा भाग हिंदुस्थानी होता हे कुठेच नाही. २३ सप्टेंबर १९१८ ला हैफा घेतलं ते जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी, भाले घेऊन, मशीनगनसमोर. दिल्लीचं तीन मूर्ती आहे ना, ते ज्यांच्यासाठी आहे त्या तुकड्या ह्याच, तिसरी हैदराबादची. एवढंच काय, लॉरेन्सच्या एका मोहिमेत, नोव्हेंबर १९१७ मध्ये यार्मुकच्या पुलावर गेला तेव्हा, त्याच्या बरोबर हिंदुस्थानी मशीनगनवाले होते.

आता तुमच्या आजेसासऱ्यांचं. मेसोपोटेमिया म्हणजे आजचं इराक. तिथे सहावी पुणे डिव्हिजन गेली होती, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. डिसेंबर १९१५ पासून त्या फौजेला कुत-अल-अमाराला तुर्कांनी वेढलं. पावसात खंदक भरलेले, बाहेरून मदत येते आणि मार खाऊन परत जाते. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली, आणि आपले शिपाई धर्मामुळे ते खात नव्हते, उपाशी राहत होते. आणि गंमत बघा, एप्रिल १९१६ मध्ये ही फौज सोडवायला ब्रिटिशांनी ज्यांना गुपचूप पाठवलं त्यात हाच लॉरेन्स होता! डोळ्यांवर पट्टी बांधून तुर्की सेनापती खलील पाशाकडे नेलं, दहा लाख पाउंड देतो, वीस लाख देतो, जाऊ द्या म्हणाले. खलील पाशाने पैसे नाकारले. २९ एप्रिलला सुमारे १३,००० लोक कैद झाले, त्यातले जास्त आपले, आणि वाळवंटातून चालवत नेताना किती गेले. यानंतर दीडच महिन्यात अरबांचं बंड सुरू होतं, पिक्चर तिथून पुढे आहे. लॉरेन्सच्या गोष्टीचं पहिलं प्रकरणच आपल्या लोकांचं आहे आणि तेवढंच कापलं.

मेडल गोल, रुपेरी, एका बाजूला राजाचं डोकं असेल तर ते फिरवून कडेला बघा. वरचं नाही, कडेचं. तिथे बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घ्या. ब्रासो लावू नका, घासलं की अक्षरं जातात.

(हे लिहून झाल्यावर आजींच्या सुनेचा मेसेज आला. सासूबाई दर दिवाळीला ते मेडल चिंचेने चकचकीत करायच्या. कडेवर ११० दिसतंय, त्यापुढे एक "म" सारखं इंग्रजी अक्षर, बाकी गुळगुळीत. उद्या सकाळी गच्चीवर उन्हात धरून फोटो पाठवते म्हणाल्या.)